बाधा

ओरोसच्या दवाखान्यात काळी नळी त्यांच्या घशातून उतरली
आणि पडद्यावर पोट दिसलं,
नुकतं फोडलेलं शिनाणं दिसतं तसं,
ओलं, लालसर.
एका कडेला पांढरट खळगा.
डॉक्टरीण मला म्हणाली, हा बघा. अल्सर.

बावीस वर्षं तो खळगा माझ्या नावावर होता.

"तुज्या तिखटान माका जाळल्यान."
ट्रॉलरचं इंजिन खोलून घरी आले की
डिझेलचे हात धुताना म्हणायचे.
पाहुण्यांसमोरही म्हणायचे, हसत,
मग मलाही हसावं लागायचं.
मी मिरची निम्मी केली. मग पाव.
मग चुलीवर दोन पातेली, एकात कालवण, एकात पेज.
तिरफळांची बरणी फळीवर मागे मागे सरकत
शेवटी भिंतीला टेकली.
जाऊ म्हणाली, एकेकीच्या हाताचाच गुण असतो गो.

सोडा झाला, थंड दूध झालं,
मेडिकलमधली गुलाबी बाटली तर पाण्यासारखी.
गावकाराने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं,
कोणाची बाधा आसात तर ती दूर कर महाराजा,
आणि आम्ही सगळे: व्हय महाराजा.
कोंबडा गेला. पोट तिथेच.

शिमग्याच्या आधी आठ दिवस त्यांना डांबरासारखी काळी होत होती.
सांगितलं नाही कुणाला.
दांडीवर, कुणाच्या तरी बोटीत, पाना हातात धरून
इंजिनावर वाकले ते तसेच आडवे झाले.

आता डॉक्टरणीने चिमटीएवढा तुकडा काढून
पिवळ्या थेंबात ठेवला.
बाहेर माझा चहा निवायच्या आत
पिवळ्याचं गुलाबी झालं.
"जंतूची बाधा आहे," ती म्हणाली.
ह्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं.
गावकाराचा शब्द, आणि हिच्या तोंडी!

कुरळा जीव, ती सांगत होती,
आम्लात जगायला स्वतःभोवती अमोनिया करतो.
"अमोनिया? बर्फाच्या फॅक्टरीत असता तो?"
"तोच."
तेवढं मात्र त्यांना पटलं. मान हलवली,
कुठला व्हॉल्व गळतोय ते सापडल्यासारखी.

लहानपणीच शिरतो म्हणे. पाण्यातून, उष्ट्यातून.
म्हणजे माझ्या आधी.
मी तेव्हा देवबागेत फ्रॉक खोचून
कुर्ल्यांच्या बिळात काठी घालत होते.
"तिखटाने होतो का हो हा?"
मीच विचारलं, मोठ्याने,
बाहेरच्या बाकावर जाऊ बसली होती.
"नाही. तिखट झोंबतं फक्त."

मग तिने विचारलं, घरात कुणाला पोटाचा कॅन्सर?
ते पंख्याकडे बघत राहिले.
सासूबाईंच्या पोटात होता, त्याला आम्ही गोळा म्हणायचो.
शेवटी पेजेचं पाणीसुद्धा उलटून यायचं.
भाकरी चावून मऊ करून त्यांनीच ह्यांना भरवली होती,
हे त्यांनीच मला सांगितलेलं, कौतुकाने.
मी ते तिथे बोलले नाही.

चौदा दिवस गोळ्या. तोंडात तांब्याचं नाणं धरल्यासारखी चव.
किती घेतल्या ते गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहायचे,
ऑइल बदलल्याच्या तारखांखाली.
मग महिनाभर थांबून पुन्हा तपासणी.
जंतू नाही.

निघताना डॉक्टरीण म्हणाली, तुमच्याही पोटात असेल,
खूप जणांच्या असतो, गप्प राहतो. तपासून घ्या.
घेईन म्हटलं.
माझ्या पोटात पुष्कळ काही गप्प राहतं, बाई.

रविवारी बांगडे घेऊन आले.
ओट्यावर ठेवले, उगाच नळ बघितला, गळत नव्हता तो.
"आज तिरफळा घाल," म्हणाले.
एवढंच.

मी स्टुलावर चढून बरणी काढली.
झाकण गंजलेलं. आत फळं होती,
वास उडून गेलेला.
हातावर घेऊन चोळली, हुंगली, त्यांच्याही नाकाशी धरली.
म्हटलं, बाजारात जावा.
नवी आणा. तुमच्या हातान आणा.