मनगटातले तांदूळ

कौतिकबाई बडगुजर, वय एक्कावन्न, रा. पारोळा.
उजव्या मनगटाला सूज, दोन वर्षं.
खोकला नाही. ताप नाही. वजन आहे तेवढंच.
छातीचा फोटो स्वच्छ.
त्या स्वच्छ फोटोनेच सगळ्यांना फसवलं.

कागदावर नव्हतं
की लग्नसराईत ही बाई दिवसाला दोनशे मांडे करते,
पुरणाचा गोळा हातांवर झेलत झेलत
कोपरापर्यंत नेते,
इतका पातळ, की पलीकडचा जाळ दिसावा,
आणि उपड्या खापरावर टाकते.

"डाक्टर, मनं पोट या हातवर से,"
म्हणाली, आणि हात टेबलावर ठेवला
कुणा दुसऱ्याचा आणून द्यावा तसा.

मनगटाच्या घडीच्या वर एक फुगवटा,
खाली तळव्यात दुसरा.
वरचा दाबला, खालचा उचलला.
खालचा दाबला, वरचा.
आणि मधे काहीतरी सरकलं,
बाजरीच्या पोत्यात हात घातल्यावर
दाणे एकमेकांना वाट देतात, तसं.

पिशवीतून कागद निघाले.
एकाने लिहिलं होतं वात,
दुसऱ्याने सांधेवात,
एरंडोलच्या कुणाचं तेल, त्याची पावती,
आणि तिसरा कागद माझ्या अक्षरात:
मनगटात इंजेक्शन. महिन्याने दाखवणे.
गेल्या वर्षीचा कुठलातरी सोमवार,
दाराबाहेर सत्तर माणसं.
तीन आठवडे सूज उतरली होती म्हणे.
मी आजाराला पांघरूण घालून आलो होतो.

धुळ्याला हात उघडला.
कंडऱ्यांभोवतीचं आवरण कापताच
पांढरे, गुळगुळीत, वाटीभर
तांदूळ.
नजमासिस्टर मोजायला लागली आणि थांबली.
बावीस वर्षांपूर्वी परीक्षेत
एका गुणासाठी हे उत्तर लिहिलं होतं मी.

"सगळं फॉर्मालिनमध्ये टाकू नका," ओरडलो,
"अर्धं सलाइनमध्ये!
फॉर्मालिनमध्ये मेलेला जंतू साक्ष देत नाही."

पहिल्या काचपट्टीवर काहीच नाही.
मग वाट पाहणं.
बाटल्या उबेत, वैशाख बाहेर,
पारोळ्यात मांडव पडले, उठले,
खापरं दुसऱ्या बायकांनी तापवली.
सहाव्या आठवड्यात प्रयोगशाळेतून फोन:
फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं, पिवळट, खरबरीत
काहीतरी उगवलंय.

"नाव लिखू नका, साहेब.
मना हातना मांडा मंग कोन खाई?"

सांगितलं, तो आत कोंडलेला आहे,
हातातून पुरणात येत नाही.
नाव मात्र लिहिलं.
नावाशिवाय गोळ्या मिळत नाहीत.
मग तो तिसरा कागद तिच्यापुढे सरकवला,
हे माझं अक्षर आहे, म्हणालो.
"माले मालूम व्हतं."
तरी माझ्याकडेच आलात?
"मंग कोठे जाऊ?"

गोळ्यांच्या आठव्या महिन्यात आली.
मूठ वळते. अंगठा करंगळीला टेकतो.
लघवी केशरी होते, त्याचंही हसू येतं आता.
विचारलं, मांडा?
तिने माझ्यासमोर रिकामे हात उचलले,
नसलेला गोळा झेलला, फिरवला, वाढवला,
मनगटावरून कोपराकडे नेता नेता
उजवा हात डाव्याच्या मागे राहिला, जरासा.
"आठे फाटस."

मी त्या हवेकडे पाहिलं.
किती अंश वाकतं ते मोजायची पट्टी
खिशातच राहू दिली,
आणि कागदावर, पहिल्यांदाच, तिचं वाक्य लिहिलं:
मांडा इथे फाटतो.