सातवी, आठवी, नववी

शुक्रवारचा बाजार उठता उठता एर्मेलिंदाबाय येते.
पिशवीत सुके बांगडे, वर तवशी,
आणि रुमालाच्या गाठीत साखळी, कुरसासकट.
तुटलेली नाही. नुसती मळलेली.
मिलाग्रीसच्या फेस्ताला घालायची आहे.

मी रिठ्याचं पाणी कोमट करते.
घाम, पावडर, वागातोरची खारी हवा
ब्रशाखाली काळी होऊन सुटत जाते.
चोळताना कड्या मी मोजत नाही,
बोटं मोजतात.
फाशापासून सातवी, आठवी, नववी
बोटांना वेगळ्या लागल्या.
जरा हलक्या. जरा ताठ.

कसोटीवर ओढल्या. रेघ पिवळी.
तेजाबाचा थेंब टेकवला,
रेघ हिरवटली
आणि गेली.

झाळ मात्र अशी
की सांधा शोधायला भिंग घ्यावं
आणि भिंगालाच शंका यावी.
म्हापशात अशी झाळ एकाच माणसाची.
बाबा डाव्या गालातून फुंकायचे.

जुनी वही काढली. चौऱ्याण्णव, जून.
'ए. फुर्तादो, शिवोली. साखळी. ३ कड्या.'
मजुरीच्या रकान्यात पूज्य.
त्याच पानावर, चार ओळी खाली,
माझ्या पणजीच्या वसतिगृहाची फी.

सोनार आईच्या नथीतलंही गुंजभर काढतो म्हणतात.
बाबा हे ऐकून हसायचे,
सगळ्यांच्या आधी.

दुकानाचं एक दार ओढून घेतलं. पंखा बंद.
डबीतले तुकडे मुशीत टाकले,
वर माझी एक कुडी,
जिची जोडीदारीण कळंगुटच्या वाळूत गेली.
जंत्रीतून तार ओढली, सळईवर गुंडाळली, कापली,
टांकणखार लावून फुंकत बसले.
मला उजव्याच गालातून जमतं.

पुढच्या शुक्रवारी काचेच्या पेटीतला काटा
अकरा ग्रॅम सातशे दहावर थांबला.
एर्मेलिंदाबायने पाकिटातून एक चिठ्ठी काढली,
घडीवर फाटलेली, आकडे जांभळ्या शाईचे.
धुतल्यावर वजन घटतं, हे तिलाही ठाऊक.
ती काट्याकडे बघते, चिठ्ठीकडे, माझ्याकडे.
मी काचेवरची धूळ पुसते,
नसलेली.

"त्या खेपेला कमी भरली होती," ती म्हणाली.
"चारशे मिली. पण शेट असा दिसत होता,
दोन दिवस जेवला नसल्यासारखा.
मी विचारलं नाही गो."

मग पाठ वळवून केस बाजूला धरले,
म्हणजे फासा मी लावायचा.
दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बसला.

"कितलें?"
काही नको, म्हटलं.
"बापायचं राहू दे. पॉलिशचे घे."

ऐंशी रुपये.
गल्ल्यात नाही टाकले.
वहीत ठेवले, जूनच्या पानात,
आणि पंखा लावला.