चारशे मिलिसेकंद

ग्रोनिंगनला वारा समोरूनच येतो,
जाताना समोरून, परतताना समोरून.
याचं शास्त्र अजून कुणी शिकवलेलं नाही.
सायकल ढकलत पोचले तेव्हा
वित्से बूर्स्मा तळघराच्या दाराशी उभे,
दहा मिनिटं आधीच,
सूचनापत्रात लिहिल्याप्रमाणे डोकं धुऊन.

सहभागी क्रमांक सतरा. वय शहात्तर. उजव्या हाताचे.
चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला,
हे विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

चौसष्ट इलेक्ट्रोड, प्रत्येकाखाली थेंबभर जेल.
बोथट सुईनं केस बाजूला सारत
मी मोडक्या डचमध्ये म्हणत होते, गार लागेल हं,
आणि ते माझा 'ख' दुरुस्त करत होते:
अजून खालून, पोरी, घशातून,
माशाचा काटा अडकलाय असं समज.

प्रयोग सोपा आहे.
पडद्यावर एकेक शब्द येतो, जातो.
वाक्य सरळ चाललेलं असतं आणि शेवटच्या पायरीवर घसरतं:
तिनं खिडकी लावली आणि कोट अडकवला लोण्याला.
चारशे मिलिसेकंदांच्या आसपास
मेंदू एक लाट काढतो,
हे काय भलतंच, असं म्हणणारी,
आपण ओठ हलवायच्या आत.
आलेखात आम्ही उणे वर काढतो, अधिक खाली.
का, ते विचारायचं नसतं.

नंतर बेसिनपाशी डोकं धुऊन द्यायचं.
नियमावलीत आहे: कलम नऊ, शाम्पू, टॉवेल.
बाबांचं डोकंही मी कधी असं
दोन्ही हातांत धरलेलं नाही.
पाणी कोमट झालं तसे वित्से बोलू लागले,
आधी डच, मग नकळत फ्रिजियन,
आणि माझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच:

येल्त्येला झटका आला
तेव्हा सगळे शब्द गेले. एक राहिला.
बूटर. लोणी.
दार उघड, बूटर. गायी आल्या, बूटर.
नातवाचं नाव बूटर, गुडघ्याची कळ बूटर,
आणि रात्री दिवा मालवल्यावर
हलक्या आवाजात, प्रश्न असल्यासारखं, बूटर?
तीन वर्षं.
"मला कळायचं सगळं," ते म्हणाले.
मग नळाखालून, जरा वेळानं, "बरंचसं."

ड्रायर नको म्हणाले.
कपाळावर टोपीची लाल रेघ तशीच ठेवून
ओल्या केसांनी सायकलवर बसताना म्हणाले,
"तुमच्या त्या वाक्यांत लोणी फार होतं."

रात्री मी तेवढीच वाक्यं वेगळी काढली.
दोनशे चाळिसांत आठ.
मोज्यापाशी लाट होती. पुलापाशी होती,
चमच्यापाशी तर चांगली उंच.
लोण्यापाशी रेषा पडून होती
कुरणाकडेच्या चरातल्या पाण्यासारखी.
कोट लोण्याला अडकवला. बरं.
पत्र लोण्यात टाकलं. बरं.

सकाळी मार्लूस कॉफी ढवळत म्हणाली,
आठ म्हणजे काहीच नाही, आठात नुसता गोंगाट.
खरं आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांना
हे मीच तर समजावते:
आधी ठरवा काय बघणार, मग बघा;
बघून झाल्यावर ठरवाल तर ती चोरी.
तेव्हा सतराव्या ओळीत, शेरा या रकान्यात
मी लिहिलं, काही नाही.

मग टोपी धुवायला घेतली,
जुन्या टूथब्रशनं, एकेक भोक.
एकात पांढरा केस अडकला होता.
अकराला पुढची मुलगी येणार होती,
एकोणीस वर्षांची, गुलाबी केसांची,
तिच्यासाठी लहान मापाची टोपी काढून ठेवली.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात
दूध, पाव, अंडी घेतली,
आणि थंड कपाटाचं दार उघडून
ते सोनेरी कागदातलं चौकोनी पाकीट हातात धरून
उभी राहिले.
किती वेळ, ते मोजलं नाही.