आठ दिवसांसाठी

चिलवेरी वहिनी, काहीतरी भीतीचं द्या म्हणालात,
पण भूत नको.
मग हे घ्या. पुठ्ठा नवा घातलाय मी,
पाठीवर खळीचा डाग आहे तेवढा सोडा.
आत अमेरिकेची दक्षिण.

परका मुलूख समजू नका.
तिथंही कापूसच पिकतो, ऊन असंच
टाळूवर पाय रोवून उभं राहतं,
आणि कापसामागचा रक्ताचा हिशेब
तिथल्याही कुठल्या वहीत मांडलेला नाही.
झाडांवरून राखाडी शेवाळ लोंबतं,
बंद गिरणीच्या खिडक्यांतून
तुसाची जळमटं लोंबायची ना, तसं.

गोष्ट लग्नाची.
नवरा दर रविवारी चर्च सुटल्यावर
नदीपलीकडे जातो, आजारी मावशीकडे.
बायको डबा बांधून देते.
मावशी जाऊन अकरा वर्षं झालीत
हे आपल्याला तिसऱ्या प्रकरणात कळतं.
बायकोला कधी कळलं, ते लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही.
भीती म्हणाल तर एवढीच.
बाकी सगळं घर कसं लख्ख:
इस्त्रीचे पडदे, चांदीचे चमचे.
मधे एक घोडा मरतो.

खरं सांगतो, मी हे पुरतं वाचलेलं नाही.
सदतीस वर्षं नवी पेठेत वाचनालय चालवलं,
पुस्तकं मोजली, शिवली,
कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवला.
वाचायची ती, शिवलीला.
दुपारी गल्ल्यावर मी पेंगायचो
तेव्हा चटणीसाठी दाणे सोलत.
खुणेला पानात लाल साल ठेवायची.
अजून सापडतात.

पान एकशे बारा.
डबा देण्याच्या प्रसंगाशेजारी, समासात,
पेन्सिलीनं, तिचं ते डावीकडे कललेलं अक्षर:
‘पेढे इथलेच असतात.’

गुरुवारी वाचनालय बंद असायचं, आठवतं ना?
दर गुरुवारी मी अक्कलकोटला जायचो.
म्हणजे, तसं सांगून निघायचो.
ती पिशवीत नारळ घालायची, पाण्याची बाटली.
संध्याकाळी मी प्रसादाचा पुडा आणायचो.
ती कपाळाला लावायची,
अर्धा पेढा खायची, अर्धा माझ्या हातावर ठेवायची.
एकोणीस वर्षं.
त्या नारळांचं मी काय करायचो
ते मात्र तिनं कुठंच लिहिलेलं नाही.
सगळी कपाटं पाहिली.

तर न्या, वहिनी.
वीस रुपये, आठ दिवस. उशीर झाला तरी दंड नाही.
पेन्सिल तेवढी खोडू नका.
एकशे बाराच्या पुढं माझ्याच्यानं जाववत नाही.
शेवटी ती बाई डबा द्यायची थांबते का,
एवढं परत करताना सांगा.
गल्ल्यावर कुणी असलं तर नुसती मान हलवा,
मला कळेल.
आणि गुरुवारी आलात तरी चालेल.
हल्ली गुरुवारी उघडंच असतं.