अकरा महिने

यंदा माझा मिक्सर पाचव्यांदा बिघडला.
तसा तो बिघडलेला नसतो.
पिशवीत घालून घाटंजीच्या बाजारातून नेते,
कुणी विचारलंच तर पिशवी वर उचलून दाखवते.
अमरदीप झाकण उघडतो, ब्रश काढतो, पुसतो, परत बसवतो
आणि गिऱ्हाईक बसलेलं असलं तर
चाळीस रुपयांची पावती फाडतो.
मी देते. तो घेतो.
नंतर त्याच चाळिसाचे आलुबोंडे येतात, वरून तर्री.

मी ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासते.
अकरा महिन्यांचा आदेश, मग एक दिवस मी कुणीच नाही,
मग पुन्हा अकरा महिने.
खोलीचा करारही अकराच महिन्यांचा.
सही झाल्यावर गावंडेकाकूंनी तोंडी एक कलम घातलं:
"भाऊ येईन तं येऊ दे.
पण भाऊ एकच असला पाह्यजे."
कूलरला वेगळं मीटर, बारा रुपये युनिट.
मे महिन्यात मी ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपते.

त्याच्या घरी दोन खोल्या, दोन भाऊ, दोन वहिन्या.
"माह्या वाटणीले आंगण आलं," म्हणतो.
म्हणून दुकानातच झोपतो,
उघड्या पडलेल्या मोटारींच्या मधोमध,
अंगाला जळक्या तारेचा वास.
रात्री तिथे मी कधी थांबले नाही.
शटर पडलं की अख्ख्या गल्लीला ऐकू जातं,
आणि आत कोण राहिलं तेही.

छत्तीस वर्षांच्या बाईनं
एका माणसाजवळ बसावं तरी कुठे?
बसस्टँडवर बाकडी आहेत, पण तिथे पेशंट भेटतात,
"मॅडम, माह्यं हिमोग्लोबिन आलं का?"
तलावावर जावं तर शंभरचं पेट्रोल,
आणि काठावर त्याचंच कुणी ओळखीचं
पाण्यात मोटार सोडत उभं.
एकदा पंपावर त्यानं खिसे चाचपले,
मी पर्स उघडली,
पाइप धरलेला पोरगा आमच्याकडे पाहत राहिला.
त्या शंभरावरून आठवडाभर बोलणं बंद.

दिवाळीनंतर एक खोली पाहायला गेलो.
संडास आत, खिडकीतून तूर, भाडं साडेतीन हजार.
अर्धं अर्धं केलं असतं तर
वणीला आईला पाठवायचे पाच हजार मला उरत होते,
त्याला भिशीचे.
घरमालकानं विचारलं, "लगन झालं न?"
तो म्हणाला, हो.
मी म्हणाले, नाही.
एकाच वेळी.

बाहेर येऊन गाडीला किक मारेपर्यंत कुणीच बोललं नाही,
मग तो इतका हसला की गाडी बंद पडली.
"तू काहून नाही म्हटलं?"
"तू काहून हो म्हटलं?"
उत्तर अजून दोघांनीही दिलेलं नाही.
लग्नाला ना नाही.
पण लग्न करून राहायला जायचं कुठे,
त्याच्या अंगणात
की माझ्या कलमात?

काल मिक्सरमधून खराखुरा धूर आला.
शेंगदाण्याची चटणी अर्धवट राहिली.
गेले, तर दुकानात चार गिऱ्हाईकं.
त्यानं सवयीनं ब्रश पुसायचं फडकं उचललं.
"भाऊ," मी म्हटलं (लोकांपुढे मी त्याला भाऊ म्हणते),
"या वेळी खरंच जळलाय."

त्यानं झाकण काढलं, वाकून वास घेतला,
काळी पडलेली तार बोटानं चाचपली
आणि माझ्याकडे पाहिलं,
जणू मी आज पहिल्यांदाच काही मागितलं.
"ठेवून जा. याले टाइम लागन."
बाकावरचा म्हातारा म्हणाला, "मोठं काम दिसते, बाई."

पावती मात्र त्यानं फाडली.
नाव लिहिलं, मिक्सर लिहिलं,
परत न्यायच्या तारखेपाशी पेन थोडा वेळ टेकवून ठेवला
आणि ती जागा कोरीच सोडून
कागद माझ्या हातात दिला.