घराला नावं ठेवताना

फेब्रुवारी संपता संपता लिफाफा आला.
सॅगिनॉ नदी अजून गोठलेलीच होती.
ओडेसा प्रुइटने पीठ लागलेल्या बोटांनी तो फोडला,
आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.
आकडा तोच.
एका वर्षात घर दीडपट महाग झालं होतं
आणि ती तर घरातच होती की.
कुठे काही वाजलं नाही, हललं नाही.

हरकतीची मुदत मागच्या बाजूला,
मुंगीच्या अक्षरात: मार्चचा दुसरा आठवडा.

सिटी हॉलच्या खिडकीशी तिने घराची नोंद मागितली.
कारकुनाने एक पिवळट कार्ड सरकवलं.
न्हाणीघरं: अडीच.
तळघर: राहण्याजोगं.
फायरप्लेस: एक.
ओडेसाने ते दोनदा वाचलं आणि विचारलं,
"हे कोणाचं घर आहे हो?
मला आवडलं."

शनिवारी टेपचं दुसरं टोक मी धरलं.
बर्फात पाय रोवून आम्ही घराला प्रदक्षिणा घातली,
शिंप्याने जाड्या गिऱ्हाइकाला घालावी तशी.
लमारने प्लास्टिक ठोकून बंद केलेला मागचा व्हरांडा
त्यांनी खोलीत धरला होता.
फोटो काढले: एकुलतं एक न्हाणीघर,
तळघराच्या भिंतीवर गुडघाभर उंचीची पाण्याची रेघ.
कामिन्स्कींचं घर एकेचाळीस हजारांना गेलं, तेही लिहून घेतलं.
छप्पर नवं होतं त्यांचं. ओडेसाला माहीत होतं,
त्या छपराखाली तिने कितीदा बटाट्याचं सॅलड वाढलं होतं.

बोलायला पाच मिनिटं मिळणार.
स्वयंपाकघरात तिने कागद उघडला, पहिली ओळ वाचली,
थांबली.
"इथे नको. भिंतींना कान असतात."

म्हणून माझ्या गाडीत बसलो, हीटर लावून,
आणि काचांवर वाफ धरेपर्यंत
तिने आपल्या घराला नावं ठेवली.
छप्पर दोन जागी गळतं.
उत्तरेकडे पाया खचलाय.
जिन्याची चौथी पायरी उंच आहे,
लमारला ताप होता त्या दिवशी, तरी ऐकेना,
आता अंधारातही माझा पाय तिथे आपसूक उचलतो...
"हे सांगायचं?"
"नको," मी म्हटलं. "पायरी उंच आहे, एवढंच."
तिने लमारवर काट मारली.
पेन कागदातून आरपार गेलं.

टेबलामागे तिघं होते.
एक खोकल्याची गोळी चघळत होता.
ती उभी राहून म्हणाली,
"बेचाळीस वर्षांत घराविरुद्ध मी कधी बोलले नाही.
अडखळले तर सांभाळून घ्या."
मग अडखळली नाही. एकदाही नाही.
कार्ड, फोटो, मापं, कामिन्स्कींची किंमत,
पत्ते टाकावेत तसं एकेक टाकलं.
पायरीपाशी मात्र पुढचं पान उलटलं.

एप्रिलमध्ये उत्तर.
दीड न्हाणीघर गेलं, तळघर गेलं, व्हरांडा पुन्हा व्हरांडा झाला.
कर उतरला, सगळा नाही.
फायरप्लेस राहिली.
त्याच नोंदीचा फोटो काढायचं आम्हाला सुचलं नव्हतं.
जे नाही त्याचा फोटो काढायचा तरी कसा?

संध्याकाळी तिने दाराच्या चौकटीवर थाप मारली,
"मनावर घेऊ नकोस रे, पैशाचा मामला होता."
मग बैठकीच्या खोलीतल्या त्या कोऱ्या भिंतीसमोर
दोन खुर्च्या ओढल्या.
बाहेर पुन्हा भुरभुर बर्फ.
तिने दोन्ही तळहात भिंतीकडे धरले.

"वरच्या न्यायाधिकरणात जुलैपर्यंत जाता येतं," ती म्हणाली.
"तोवर कर भरतोय आपण.
बस. शेकून घे."