बाकीचे दहा सेंट

मार्चचा पहिला रविवार, तिकीट माफ,
म्हणून अम्फियारायो.
एरवी आमच्या घरात पडक्या देवळांची हौस कुणाला?
लेफ्तेरिसने टोल वाचवायला जुना रस्ता धरला,
तो कापांद्रितीच्या पुढे कुठेतरी चुकला
आणि चुकलो म्हणायला त्याला आणखी अर्धा तास लागला.

मागच्या सीटवर बाबा.
मांडीवर उकडलेल्या अंड्यांचा डबा
दोन्ही हातांनी घट्ट,
पेरामाच्या गोदीत चाळीस वर्षं
वेल्डिंगची बंदूक धरली तसा.
दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न:
"आपण कुणाकडे चाललोय?"
कुणाकडे नाही, बाबा. जुने दगड बघायला.
पाचव्या वेळी मिर्तो म्हणाली,
मोबाइलमधली मान वर न काढता,
"एका डॉक्टरकडे."
ते त्यांना पटलं.
त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

खाली घळ, पाइनची दाट सावली,
बदामाला उशिराचा फुलोरा,
आणि एक मांजर, जिला आमच्या डब्याची आधीच खबर.
पाटी स्ताथिसने वाचली, बोट ठेवून, मोठ्यांदा:
आजारी माणसं इथं यायची.
मेंढा कापायची, त्याच्याच कातड्यावर
या लांब ओसरीत रात्री निजायची.
स्वप्नात देव येऊन उपाय सांगायचा.
बरं वाटलं की झऱ्यात नाणं टाकायचं.
"म्हणजे फी नंतर," लेफ्तेरिस म्हणाला.
"आणि आपण? एमआरआयचे आधीच भरले."

मी काही बोलले नाही.
त्या एमआरआयचं पाकीट
अजून माझ्या ऑफिसच्या खणात आहे.

नाट्यगृहात पाच संगमरवरी खुर्च्या.
बाबा एकीत बसले, अगदी ठरलेल्या जागी बसावं तसे,
आणि वरून शिट्टी वाजली.
पहारेकरीण. निळं जाकीट, हातात कॉफी.
"बसायचं नाही, आजोबा."
"नंबर लागला का माझा?" त्यांनी विचारलं.
ती क्षणभर अडखळली. "लागेल," म्हणाली.

मग आम्ही अंडी सोलत होतो, मिठाची पुडी शोधत होतो,
आणि बाबा नव्हते.

आधी हाका. मग नुसतं पळणं.
मी ओढ्याकडे, लेफ्तेरिस गाडीकडे,
मिर्तो मोबाइल दगडावरच टाकून रस्त्याकडे.
सापडले ते ओसरीत.
कुडाच्या जागी आता फक्त आकाश,
खांबांची खोडं तेवढी उरलेली,
मागच्या भिंतीशी लांबच लांब दगडी बाक,
त्यावर बूट काढून, बूट शेजारी नीट मांडून,
बाबा कुशीवर झोपलेले.

पहारेकरीण धावत आली,
शिट्टी ओठांत.
श्वास भरून घेतलाही तिने.
मग शिट्टी दोरीवर सोडून दिली, तशीच लोंबत,
आणि आमच्याकडे पाठ करून
उगाच पाइनची झाडं मोजत उभी राहिली.

स्ताथिस कुठूनसा धापा टाकत आला,
काखेत लेफ्तेरिसच्या सीटवरचं मेंढीचं कातडं.
टॅक्सीच्या दिवसांतलं, पिवळं पडलेलं,
एका कोपऱ्याला सिगारेटचं भोक.
"पाटीवर लिहिलंय," तो म्हणाला.
आम्ही ते बाबांच्या खाली सरकवलं,
दोघांनी, एक खांदा, एक कंबर,
रोज रात्री सरकवतो तसंच.

वीस मिनिटं झोपले असतील.
कुणी अंडं खाल्लं नाही. मांजराने खाल्लं.

उठले तेव्हा गालावर लोकरीचे वळ.
स्ताथिसला धीर नव्हता: "पापू, कोण आलं स्वप्नात?"
बाबांनी बराच वेळ बूट न्याहाळले.
"पोलिक्सेनी," ते म्हणाले.
आईचं नाव. दोन वर्षांत पहिल्यांदा.
"काय म्हणाली?"
"म्हणाली, हँडब्रेक ओढ."

लेफ्तेरिस हसला, मग हसू आवरेना,
मग तोंड फिरवून तो खरंच वर गेला,
गाडीचा हँडब्रेक बघायला.
ओढलेला नव्हता.

झऱ्याच्या जागी थोडी ओल, थोडं शेवाळ.
स्ताथिसने खिशातून दहा सेंट काढून टाकले.
वीसचं नाणं मुठीतच ठेवलं होतं, मी पाहिलं.
"अर्धेच?"
"अर्धेच बरे झालेत," तो म्हणाला.
"बाकीचे नंतर."

परतताना बाबांनी विचारलं,
आपण कुणाकडे गेलो होतो.
मिर्तोने सांगितलं. पुन्हा सांगितलं.
पुढच्या सीटवर लेफ्तेरिस सारखा चुळबुळत होता,
कातड्यात अडकलेल्या पाइनच्या सुया
अथेन्स येईपर्यंत त्याच्या पाठीत टोचत होत्या,
आणि गाडी थांबवून ते झटकावं
असं त्याला कुणीच सुचवलं नाही.